मरियाबाईंची संथ चाल

नागापूरच्या एमआयडीसीमागच्या वस्तीत मरियाबाईंची शिकवणी म्हणजे अजबच प्रकार. पोरांना चर्चच्या ओसरीत चटईवर उताणं झोपवायचं, अंग सैल सोडायला लावायचं आणि पेटीवर संथ चाल धरून धडा वाचायचा. कुठल्याशा शिबिरात ऐकून आल्या होत्या, की डोकं शांत असलं म्हणजे अभ्यास मुरतो. खरंच मुरायचा, बरं का! पंचाईत एवढीच, की बाईंना येणारी सगळ्यांत संथ चाल होती दफनाच्या वेळची. त्यांनी बिनदिक्कत तीच धरली. "चालीला काय कळतंय, कुणासाठी वाजतीय ते?" म्हणायच्या.

आराधना दहावीला दोनदा विज्ञानात आपटलेली. तिची आई राहीबाई कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. स्वतः अंगठाबहाद्दर, पण पोरीला नर्स करायचा ध्यास. "बाई, एवढी दहावी सोडवा हिची," हे रोजचं टुमणं. बाईंनीही तसा शब्द दिला होता. या चालीवर आराधनाला श्वसनाचा धडा घडाघडा यायला लागला, तेव्हा राहीबाई पायरीवर बसून ऐकत राहायची.

आणि परीक्षा तोंडावर आली असताना राहीबाई तापानं गेली.

दफनाला पेटी बाईच वाजवणार, दुसरं कोण? चाल सुरू झाली आणि खड्ड्याच्या कडेला उभ्या पोरांचे डोळे एकेक करून मिटले. खांदे सैल पडले. "श्वास आत घेतला की ऑक्सिजन रक्तात जातो," सगळी एका सुरात म्हणायला लागली. आराधनाही. डोळ्यांत टिपूस नाही. पाळकांचं वाचन तिथंच थांबलं. बाईंनी भाता सोडला.

त्या दिवसापासून बाईंनी पेटी उघडली नाही. पण चालीवाचून आराधनाला एक ओळ आठवेना. परीक्षेच्या आदल्या दुपारी ती आली ती दोन चटया घेऊन. एक स्वतःची, दुसरी तिनं शेजारी अंथरली.

"ही कुणाला गं?"

"वाजवा ना, बाई."

बाई मागं सरकल्या. पण नाही म्हणावं तर पोरीचं वर्ष बुडणार, अन् राहीबाईला दिलेला शब्दही. त्यांनी भाता ओढला. आराधना डोळे मिटून म्हणायला लागली. एकही चूक नाही. मग मधेच गप्प झाली आणि मान वळवून शेजारी हसली.

"थांबलीस का?"

"आता तिची पाळी हाय. आईला पन समदं पाठ झालंय, बाई."

ओसरीत आवाज नव्हता कुणाचा. रिकामी चटई मात्र मधोमध दबली होती. बाई रडत होत्या, भीतीनं की मायेनं, देव जाणे.

"म्हणा, राहीबाई," त्या पुटपुटल्या, आणि तिचं म्हणून होईपर्यंत वाजवत राहिल्या.