टबातला अर्धा गणपती

…हां, तर वैजनाथ टबापासून हातभर लांब उभा आणि जवळ यायला काही केल्या तयार नाही! मार्केट यार्डात कांद्याची गोणी पाठीवर टाकून चालणारा हमाल हा. लातूरकडचा, आमच्या शेजारच्याच खोलीत राहतो. त्याला घाबरून घाम फुटलेला मी पहिल्यांदाच पाहिला, तोही प्लास्टिकच्या टबासमोर.

झालं असं, की विसर्जन घरीच करायचं म्हणून त्यानं प्लास्टर विरघळवायला महापालिकेनं वाटलेली पावडर पाण्यात टाकली आणि प्लास्टरची मूर्ती त्यात बसवली. पाणी फसफसलं, नाकाला झोंबणारा वास सुटला. देव कोपला असं समजून ह्यानं वर पंचा झाकला, हात जोडले नि बाजूला झाला तो झालाच. दुसऱ्या दिवशी पंचा काढतो तर सोंड गळालेली, पोट खरवडल्यासारखं, डोळे मात्र शाबूत. आणि नेमकी त्याच सकाळी त्याची लेक तनुजा बाळंतपणासाठी दवाखान्यात गेलेली. गोदावहिनी, म्हणजे ह्याची बायको, तिच्यासोबत.

"आबा, देव असा भंगलेला अन् तिकडं माझी पोरगी. तिला काही झालं तर?"

"अरे, भंगला कुठं? विरघळायचा थांबलाय. ढवळलंस का?"

"देवाला? काठीनं?" असा दचकला, की मी जणू त्याच्याच पोटात काठी खुपसायला सांगितली. "त्यापरीस गरम पाणी वततो. मीठ कसं ऊन पाण्यात लवकर विरघळतंय."

"मीठ विरघळेल रे बाबा. ही पावडर गरम पाण्यात वास होऊन उडून जाते. सगळी जाईल तुझ्या नाकात आणि देव होता तसाच!"

तरी हसला नाही. मग मी चहाचं सांगितलं. साखर टाकून नुसतं बघत बसलं तर साखर तळाशी आणि वर फिका चहा. इथंही तेच. मूर्तीला लागून असलेल्या पाण्यातली पावडर संपली, अंगावर पांढरा गाळ बसला. लांबचं ताजं पाणी हलून तिच्यापर्यंत पोचायला हवं.

मी काठी उचलली, तर त्यानं माझं मनगट धरलं. तेवढ्यात गोदावहिनींचा फोन आला. "आत नेलंय तिला," एवढंच बोलल्या.

वैजनाथ टबाजवळ येऊन बसला. टबातल्या त्या डोळ्यांकडे पाहिलं त्यानं. मग काठी बाजूला सारली, टबाचे दोन्ही कान धरले आणि हळूहळू टबच डुलवायला लागला! देवाला काही टोचायला नको. काय सुचलं बघा माणसाला! पाणी या काठावरून त्या काठावर. गाळ सुटला, खांद्याचा एक तुकडा निखळून खाली गेला. ह्यानं डोळे गच्च मिटले, हात मात्र चालूच.

"दम घे जरा, मी धरतो," मी म्हटलं. "भीती गेली का थोडी?"

"कुठली जातीय, आबा? छातीत नुसतं धडधडतंय. पण आता सोडलं तर देव असाच अर्धा ऱ्हाईल. फोन वाजला तर तुम्हीच उचला, अन् काहीबी असलं तरी मला खरं सांगा."