मनगटाचा थर्मामीटर

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माशांना रागावत होती. "हळू रे, हळू! सगळ्यांना मिळणारे. मी काय पळून चाललेय?" असं म्हणत ती तळ्यात मुठीमुठीने खाद्य टाकत होती. शाळेत खाऊ वाटताना मी तीस वर्षं हेच वाक्य म्हणत आलो होतो. साहजिकच कुंपणापाशी पाय थांबले.

"तुम्ही आमच्या मालकांचे सर ना?" तिने विचारलं. "ते अजून घाबरतात तुम्हाला."

"गणित आलं असतं तर घाबरला नसता," मी म्हणालो. तिथून आमची ओळख झाली.

मत्स्यपालन केंद्रात तिला सगळे तराजूताई म्हणत. तोलल्याशिवाय ती कशाला हात लावत नसे. जावयाच्या चहात साखरसुद्धा तोलून घालते, अशी तिची ख्याती होती. कोंडा, पेंड आणि सुक्या मासळीची भुकटी मोठ्या पातेल्यात शिजवायची, निवू द्यायची आणि मग त्यात क जीवनसत्त्वाची पावडर तेलात कालवून मिसळायची, हे तिचं काम. माशाला हे जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात तयार करता येत नाही. तसं ते आपल्यालाही येत नाही, पण आपण लिंबू पिळून घेतो. माशाला कोण पिळून देणार? खाद्यातून मिळालं नाही, तर वाढत्या पिल्लाचा कणा वाकतो.

मिश्रण निवालं की नाही, हे ती मनगट टेकवून बघायची, तान्ह्या बाळाचं दूध बघतात तसं. मनगटाला ऊब लागली तर पावडरीचा डबा उघडायचा नाही. ही रीत तिला मालकाच्या वडिलांनी शिकवली होती.

मग केंद्रात विज्ञान आलं. ते मालकाच्या मेव्हण्याच्या रूपाने आलं. या गृहस्थांनी मत्स्यपोषणाचा तीन दिवसांचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता, आणि त्यातला एक दिवस उद्घाटनात गेला होता. येताच त्यांनी स्वतःला 'साहेब' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी त्यांना मनगट दिसलं.

"हे काय अडाणीपण? पावडर उकळत्यात टाका. सगळीकडे सारखी विरघळेल."

"साहेब, उकळत्यात तिचा जीव जातो."

"जीवनसत्त्वाला जीव असतो होय?" साहेब हसले. त्यांच्या विनोदावर हसणारे दोघे नोकर तिथे हजर होतेच. त्या दिवसापासून पावडर उकळत्या पातेल्यात पडू लागली.

डब्यावर 'उष्णतेपासून दूर ठेवा' असं ठळक छापलं होतं. पण साहेबांनी ते लेबल सोलून, काचेत बसवून, कचेरीच्या भिंतीवर लावलं होतं. इतक्या आदराने टांगलेली वस्तू कोणी वाचत नाही.

तीन महिन्यांत नव्या पिल्लांच्या पाठी वाकड्या झाल्या. काही तर एका कुशीवर कलून गोल गोल पोहू लागली. साहेबांनी आधी पिल्लं पुरवणाऱ्याला दोष दिला, मग पाण्याला. दोघंही निर्दोष निघाल्यावर तराजूताई उरली. ती पावडर चोरून घरी नेते, असं ठरलं. डबा तर ठरल्या मापानेच संपत होता. त्यावरून चोरी फार सफाईने केली आहे, हे साहेबांनी ओळखलं.

मालकाने मला बोलावलं ते तिला काढून टाकल्याचं पत्र लिहायला. "सर, तुमचं मराठी शुद्ध. जरा सौम्य शब्दांत लिहा."

दारात ती उभी होती. "सर, काढायचं तर काढू देत," ती म्हणाली, "पण त्या कागदावर चोर लिहू नका. एकवीस वर्षं तोलतेय मी."

मी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "लिहितो," मी मालकाला म्हणालो, "पण आधी उदाहरण सोडव. पावडर एकाच डब्यातली, तू स्वतःच्या हाताने तोललेली. हौद दोन, पिल्लं एकाच खेपेची. एकात साहेबांचं उकळतं खाद्य, दुसऱ्यात हिचं निववलेलं. मग चोर कोण ते सांग."

"सर, याला वेळ लागेल," मालक पुटपुटला.

"तुला नेहमीच लागायचा."

अडीच महिने मालक रोज पावडर तोलत होता. तराजूताई रोज मनगट टेकवत होती, आणि साहेब रोज दोन्ही हौदांकडे बघून वहीत काहीतरी लिहीत होते. शेवटी दोन्ही हौद उपसले. साहेबांच्या हौदात पाचातलं एक पिल्लू वाकडं निघालं. ताईच्या हौदातली झाडून सगळी सरळ.

"पाहिलंत?" साहेब उत्साहाने म्हणाले. "म्हणून मी हा प्रयोग माझ्या देखरेखीखाली घेतला." आठवड्याभरात कचेरीत पाटी लागली, 'शीत मिश्रण पद्धत', आणि खाली साहेबांचं नाव. त्यांना कामावरून काढणं मालकाच्या हातात नव्हतं. ते खातं मालकीणबाईंकडे होतं.

मालक मात्र खाद्याच्या खोलीत गेला, माझ्यासमोर. "ताई, चुकलं आमचं."

"मला काय सांगता? त्यांना सांगा," तिने वाकड्या माशांच्या हौदाकडे बोट केलं. "त्यांचा कणा आता सरळ व्हायचा नाही." मग म्हणाली, "आणि पावडरीची किल्ली माझ्याकडे द्या."

विकले न गेलेले ते वाकडे मासे अजून त्या हौदात आहेत. तिथेही ती रोज तोलूनच खाद्य टाकते आणि त्यांना रागावते. पावडरीच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असते. साहेबांना डबा हवा असला, तर ते तिच्याकडे मागतात.