उजवीकडे बसून डंडॉकपर्यंत

१४ जून, शनिवार. सकाळचं काम एकच: शेडमधली गाडी लांबच्या रस्त्यासाठी तयार करणं. इंजिन ऑइल बघितलं, रेडिएटरमध्ये पाणी घातलं, चारही टायरची हवा तपासली. गाडी माझ्या धाकट्या भावाची, नितीनची. पण तो हात मागे बांधून तिच्याभोवती नुसता फिरत होता, म्हणून डिपस्टिक मीच ओढली.

"ताई, पाऊस येईलसं वाटतंय. उद्या जाऊया का?"

"इथं रोजच येईलसं वाटतं. वायपर चालतात ना? मग बस."

कोल्हापुरात माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकाऊ माणूस उजवीकडे, मी डावीकडे, आणि माझ्या पायाखाली जादाचा क्लच आणि ब्रेक. वीस वर्षं हेच करते आहे. सुट्टी काढून आयर्लंडला आले ती भावाचा संसार बघायला. नितीन डब्लिनच्या बाहेर ॲडम्सटाउनला राहतो. आखून वसवलेलं गाव, स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ, आणि घरं इतकी एकसारखी की पहिल्याच संध्याकाळी फिरून येताना मी भलतीच बेल दाबली. दार नागपूरच्या एका बाईंनी उघडलं. "चुकलात वाटतं. असू द्या, आलाच आहात तर चहा घ्या," म्हणाल्या. घेतला.

असल्या घरांना गॅरेज नसतं, म्हणून नितीनची गाडी लूकनच्या मागं एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये असते. सत्तरच्या दशकातली अमेरिकन 'मसल कार'. दोन दारं, लांबच लांब बॉनेट, आणि त्याखाली आठ सिलिंडरचं, ट्रकला शोभेल असं इंजिन. रंग बाटलीसारखा हिरवा. कंटेनरमधून आली तेव्हा तळाच्या पत्र्याची गंजून चाळण झाली होती. नितीन दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा माणूस. तो संध्याकाळच्या वर्गाला जाऊन वेल्डिंग शिकला, तळ कापून नवा पत्रा बसवला, इंजिन सुटं करून पुन्हा जोडलं. त्यात चार वर्षं गेली. आमच्या वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, तिथं मात्र हा कधी फिरकला नव्हता.

त्याची बायको केतकी पुण्याची. ती गाडीला म्हैस म्हणते. "तुमच्याकडे पाडव्याला म्हशी सजवून पळवतात ना ताई? यानं इथं आणून बांधलीय." तिचं अगदीच चूक नाही. कोल्हापुरात पाडव्याला मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पुढं जातो आणि त्या आवाजामागं त्याची म्हैस धावते. नितीननं किल्ली फिरवली तेव्हा शेडचे पत्रे थरथरले आणि मला नेमका तो आवाज आठवला.

आणि ही गाडी आम्ही विकायला निघालो होतो.

कारण असं. अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. आयर्लंडमध्ये वाहतूक मात्र आपल्यासारखीच डाव्या बाजूनं. म्हणजे चालक बसतो कुंपणाच्या बाजूला. पुढं ट्रक असला की त्याला ट्रकच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. समोरून काय येतंय ते दिसतं उजवीकडे बसलेल्याला. ओव्हरटेक करायचं तर त्यानं सांगायचं आणि चालकानं ऐकायचं. गेल्या सप्टेंबरात डंडॉकच्या रस्त्यावर केतकी उजवीकडे बसली होती. पुढं ट्रॅक्टर होता. "मोकळं आहे, जा," ती म्हणाली. नितीननं गाडी बाहेर काढली आणि समोर व्हॅन. त्यानं गाडी पलीकडच्या गवतात घातली म्हणून सगळे वाचले. गाडीला ओरखडा नाही, माणसांना खरचटलंसुद्धा नाही. पण केतकी पुन्हा त्या गाडीत बसली नाही, आणि एकट्यानं चालवायची नितीनची हिंमत होईना. शेवटी डंडॉकमध्ये डेक्लन नावाचं गिऱ्हाईक मिळालं. त्याची अट एकच: ट्रेलरवर घालून आणलेली गाडी मी बघणारही नाही, चालवत आणा.

मला गाडीचं फार कौतुक नव्हतं. पण भाऊ घाबरून ती काढून टाकतोय हे पटत नव्हतं. माझ्या शाळेत ज्या वळणावर शिकाऊ घाबरला, ते वळण पुन्हा घेतल्याशिवाय त्याला घरी सोडत नाही. विकायची तर विकू दे, पण डंडॉकला जायचं ते मोटरवेनं नाही, त्याच जुन्या रस्त्यानं. उजवीकडे मी बसेन. आदल्या दिवशी जेवताना मी हे जाहीर केलं.

"तुमचं ऐकेल तो," केतकी म्हणाली. "माझं ऐकून काय झालं ते माहितेयच." आणि ताटं उचलून आत गेली. मी मनात म्हटलं, समोर नीट बघितलं असतंस तर ही वेळ आली नसती.

ॲशबर्न मागं पडलं आणि रस्ता दोनपदरी झाला. दोन्हीकडे कुंपणाची गच्च झुडपं, त्यापलीकडे गवत, गवतात मेंढ्या, आणि मधूनच एखादी बोरीन (शेतात शिरणारी अरुंद वाट). मी उजवीकडे बसलेली. हात सारखे स्टिअरिंग शोधत होते आणि समोर होता फक्त रुमाल ठेवायचा कप्पा. पाय ब्रेक शोधत होते. स्लेनला रस्ता तीव्र उतारानं बॉइन नदीवरच्या अरुंद पुलाकडे जातो. या गाडीला जुने ड्रमचे ब्रेक. दाबले की ती डावीकडे ओढते. नितीननं ती शांतपणे सरळ धरून खाली नेली. मी मात्र खालपर्यंत पायानं चटई दाबत होते.

"ताई, पत्रा नवा आहे. भोक पाडू नकोस."

"तू समोर बघ."

पूल ओलांडून वर गेलं की गावाच्या चौकात चार कोपऱ्यांवर चार अगदी सारखी दगडी घरं आहेत. चौघी बहिणींचं आपसात पटत नव्हतं म्हणून एकमेकींवर नजर ठेवायला त्यांनी बांधली, असं इथले लोक सांगतात. खरं-खोटं माहीत नाही, पण बहिणी असतील तर शक्य आहे.

स्लेनच्या पुढं सायलेजनं (जनावरांसाठी आंबवून ठेवायचं गवत) भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आडवा आला. त्याच्यामागं आम्ही बराच वेळ सरपटलो. मग रस्ता सरळ झाला, मधली रेघ तुटक झाली. मी मान काढून बघितलं. पट्टीनं आखल्यासारखा रस्ता, टोकापर्यंत रिकामा.

"हाण की! मोकळं आहे!"

नितीननं दीर्घ श्वास घेतला आणि गाडी बाहेर काढली. अर्धी गाडी रेघेपलीकडे गेली असेल तेवढ्यात रिकाम्या रस्त्यातून एका गाडीचं निळं टप वर आलं. पाण्यातून डोकं काढावं तसं.

"थांब! आत घे!"

माझा उजवा पाय जमिनीत रुतला. तिथं ब्रेक नव्हता. ब्रेक नितीननं दाबला, गाडी डावीकडे ओढली गेली, त्यानं ती सावरून ट्रॅक्टरमागं घातली. निळी गाडी लांबलचक हॉर्न देत निघून गेली.

"ताई," तो म्हणाला, "हीच ती जागा. मी सांगणारच होतो, तेवढ्यात तू हाण म्हणालीस."

कोलनला पेट्रोल पंपावर थांबलो. टाकी भरली, आणि गाडी सुरू होईना. इंजिन तापलं की पेट्रोलची नळीतच वाफ होते, मग स्टार्टर कितीही फिरवा. गार होईपर्यंत वाट बघण्याशिवाय उपाय नाही. बॉनेट उघडल्याबरोबर टोपी घातलेले एक आजोबा येऊन उभे राहिले. "एका गॅलनमध्ये किती जाते?" त्यांनी विचारलं. नितीननं सांगितलं. आजोबांनी छातीवर क्रॉस केला. मग मला हळूच विचारलं, "युवर मॅन बरा आहे ना? पांढरा पडलाय." युवर मॅन म्हणजे इथं नुसतं 'तो माणूस', माझा कुणी असलाच पाहिजे असं नाही. बरा आहे, म्हटलं.

पंपावरच्या दुकानातून चिकन रोल आणले. मी बरोबर आणलेला ठेचा त्यात भरला. पंपाच्या भिंतीला टेकून आम्ही खात होतो.

"तुला ती खरंच दिसली नाही?" नितीननं विचारलं.

"नाही. रस्ता तिथं खाली उतरतो आणि पुन्हा वर येतो. मधला खोलगट भाग दिसतच नाही. अलीकडचा आणि पलीकडचा रस्ता जोडून एकच दिसतो."

तो चावायचा थांबला. "म्हणजे केतकीला पण..."

"तिला तरी कशी दिसणार? तिच्या डोळ्यांत काय दुर्बीण आहे?"

"मी नऊ महिने धरून बसलोय की तिचं लक्ष नव्हतं."

"बोललास तिला?"

"नाही. एक शब्द नाही."

"तेच चुकलं. बोलला असतास तर कडाक्याचं भांडण होऊन मिटलं असतं."

मला स्वतःचाही राग आला होता, पण तो गाडीत बसून करत बसण्यात अर्थ नव्हता. पद्धत बदलायला हवी होती. शाळेच्या गाडीत मी 'चल' म्हणते तेव्हा माझ्या पायाखाली ब्रेक असतो. इथं ब्रेक नाही, म्हणजे 'चल' म्हणायचा अधिकारही नाही. मी नितीनला सांगितलं, "यापुढं मी फक्त दिसतं ते सांगणार. दिसत नाही तेही सांगणार. जायचं की नाही ते तू ठरव."

आर्डीच्या पुढं मोठा ट्रक भेटला.

"पांढरी व्हॅन, जवळ. गेली. आता रिकामं, पण पुढं चढ आहे, चढापलीकडचं दिसत नाही."

नितीन मागंच राहिला. चढ संपला.

"सरळ. पूर्ण रस्त्याचा पृष्ठभाग दिसतोय, कुठं तुटत नाही. लांब एक लाल ठिपका. ठिपका वळला, शेतात गेला. काही नाही."

मी पुढचा शब्द जिभेवरच धरला. माझ्या धंद्यातल्या बाईला ते जमणं सोपं नाही. एक क्षण काहीच झालं नाही. मग आठही सिलिंडर एकदम गरजले, पाठ सीटला चिकटली आणि ट्रक मागं गेला. नितीन हसत नव्हता. पण खांदे खाली आले होते.

डेक्लनचं घर डंडॉकच्या बाहेर. साठीचा, जाडजूड माणूस. अंगणात आमचा आवाज पोचल्याबरोबर बाहेर आला, नमस्कार-चमत्कार न करता ओल्या काँक्रीटवर आडवा झाला आणि गाडीखाली डोकं घालून तळावर बोटं वाजवायला लागला.

"वेल्डिंग कुणी केलं?"

"मी," नितीन म्हणाला.

"ग्रँड." हा शब्द इथं 'चालेल'पासून 'अप्रतिम'पर्यंत कशालाही वापरतात. जमिनीवर पडून त्यानं तो दोनदा म्हटला, म्हणजे अप्रतिम असावं. उठून त्यानं हात पुढं केला. "मग? ठरलं?"

नितीननं त्या हाताकडे बघितलं. "आधी घरी एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगून फोन करतो."

"बायकोला विचारायचंय म्हण की सरळ."

"विचारायचं नाही. सांगायचंय."

डेक्लन माझ्याकडे वळला. "आणि तुम्ही कोण? मेकॅनिक?"

"मोठी बहीण."

"अरे देवा," तो नितीनला म्हणाला, "मग तू काय करणार बिचारा. आत या, चहा घ्या." चहाबरोबर जाड ब्राउन ब्रेड आणि बोटभर जाडीचं लोणी दिलं. सोमवारी सकाळपर्यंत थांबतो, मग दुसरी गाडी बघतो, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. मला असा व्यवहार आवडतो.

परत येताना मोटरवे घेतला. टोलच्या खिडकीशी पैसे द्यायचं काम अर्थातच उजवीकडे बसलेल्याचं. खिडकीतला माणूस वाकून बघत म्हणाला, "बाई, स्टिअरिंग कुठं विसरलात?" मी म्हटलं, "भावाला दिलंय."

घरी केतकी प्रेसमधून (भिंतीतलं कपाट) कप काढत होती. नितीन दारातच उभा राहिला आणि बूटही न काढता सगळं सांगून टाकलं. ट्रॅक्टर, सरळ रस्ता, निळं टप.

"ताईंना पण दिसली नाही?"

"मला पण नाही," मी म्हणाले. "आणि काल मी मनात तुला नावं ठेवली होती, ती चुकीची होती."

तिनं कप खाली ठेवला. "मला वाटायचं, मी त्या वेळी फोन तर बघत नव्हते? आठवून आठवून डोकं फुटायचं. पण मी समोरच बघत होते रे."

"माहितेय."

"आज माहितेय! नऊ महिने काय तोंड शिवलं होतं तुझं?"

मी माझा चहा घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसले. भांडण बराच वेळ चाललं आणि चांगलं चाललं. ऊन अजून भिंतीवर होतं. जूनमध्ये इथं संध्याकाळ संपतच नाही. मी शिकवायला गेले होते ते भावाला, आणि न दिसणारा रस्ता निघाला या दोघांच्या मधला. तो दाखवायला आपली चूक कामी येईल असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. थोड्या वेळानं केतकी बाहेर आली. नाक लाल, आवाज कोरडा.

"विकायची की नाही ते नंतर. मला ती जागा बघायचीय. तुमची ती सांगायची पद्धत मला शिकवा."

ती मी पायरीवरच शिकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघालो. दोन दारांच्या गाडीत मागं शिरायचं म्हणजे कसरत. गुडघा अडकला, केतकीनं ढकललं. उजवीकडे ती, स्टिअरिंगवर नितीन. रविवार असल्यामुळे ट्रॅक्टर नव्हते, पण स्लेनच्या पुढं घोड्याची ट्रॉली ओढणारी एक जीप मिळाली. ती जागा आली.

"रस्ता रिकामा दिसतोय," केतकी म्हणाली. "पण इथं खाली उतरतो. मधलं दिसत नाही."

नितीन जीपमागंच राहिला. खोलगट भागातून एक सायकलवाला वर आला आणि हात करून गेला. पलीकडचा चढ संपला.

"आता पूर्ण दिसतोय. काळी गाडी, जवळ. गेली. मागं काही नाही. कुंपणापर्यंत सगळं दिसतंय."

नितीननं जीप ओलांडली. गाडी पुन्हा आपल्या बाजूला आली तरी केतकी दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून समोरच बघत होती.

"ताई," ती मान न वळवता म्हणाली, "त्या डेक्लनला फोन लावा. आमचे दोघांचेही हात मोकळे नाहीत."

मी फोन लावला आणि सांगितलं, गाडी विकायची नाही, तुम्ही दुसरी बघा.