तीन गिटारी आणि कराचीतलं घर

वाईहून निघताना ताईनं मला एकच गोष्ट बजावली. "मुलाला भेटायचं नाही. आधी बाहेर विचार. मुलगा काय, स्वतःबद्दल चांगलंच सांगणार." ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून तिच्या घरातला कर्ता पुरुष मी. म्हणजे धावपळ माझी आणि निर्णय तिचे. तिची मुलगी शकू बदलापूरच्या शाळेत शिक्षिका होती. उल्हासनगरच्या एका सिंधी मुलाशी लग्न करायचं आहे, त्याचं नाव परसराम, तो शिवणयंत्रं दुरुस्त करतो आणि गिटार वाजवतो, असं तिनं आईला कळवलं होतं. परसराम हे नाव ऐकून ताई जरा निवळली. गिटार ऐकून पुन्हा भडकली. "तू येऊन काय सांगशील त्यावर हो की नाही ते ठरेल," ती म्हणाली. म्हणजे पोरीचं अख्खं लग्न माझ्या जिभेवर!

आमच्याकडची चौकशी कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहेच. आपण कोण ते सांगायचं नाही. काहीतरी निमित्त काढून गावात शिरायचं आणि वाणी, धोबी, दूधवाला, शेजारीपाजारी यांना बोलतं करायचं. घर किती खणांचं, शेत किती, घरात कुणी वेडंबिडं आहे का. आणि त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, कारण खाल्ल्या मिठाला जागावं लागतं. या कामात माझा हात धरणारा आमच्या आळीत कुणी नव्हता.

पुण्याहून पॅसेंजर धरली. कर्जत सुटल्यावर दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं, उडव्या रचलेल्या, आणि पलीकडे बारवीच्या बाजूचे निळे डोंगर. बदलापूरला उतरलो तर टांगेवाला म्हणाला, "कुटं जायाचा?" शाळेचं नाव सांगितलं. त्यानं वाटेत मला आठ प्रश्न विचारले आणि मी एकाचंही सरळ उत्तर दिलं नाही.

शकू शाळेच्या पडवीत भेटली. बारीक झाली होती. मुलींच्या शिवणवर्गातलं यंत्र बिघडलं तेव्हा हा परसराम ते दुरुस्त करायला आला होता. तिथून सगळं सुरू.

"मामा, ते तिघंजण मिळून वाजवतात," ती म्हणाली. "जॅझ म्हणतात त्याला. परसो, म्हणजे परसराम, कराचीचा, मिंगेल गोव्याचा आणि यानेक पोलंडचा."

मी कपाळाला हात लावला. एक पाकिस्तानातून आलेला, एक पोर्तुगीजांच्या मुलखातला आणि एक गोरा! त्या वर्षी गोव्याचं प्रकरण तापलेलं होतं. वर दारूबंदी. गिटारीच्या पेटीत किती बाटल्या मावतात याचा हिशेब मी मनात करायला लागलो.

"हे तिघं एकत्र आलेच कसे? कुणाला कुणाचं गाव ठाऊक नाही."

"तुम्ही त्यालाच विचारा ना, मामा."

"तुला यातलं काही कळत नाही," मी म्हणालो. तरी तिनं मला स्टेशनपर्यंत सोडलं आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभी राहिली. तिचा चेहरा बघून मला गलबलून आलं, पण चौकशी ती चौकशी.

अंबरनाथला जुनं शिवमंदिर आहे. त्याच्या काळ्या दगडावरचं कोरीवकाम डोळे भरून पाहण्यासारखं. मी मात्र अर्धं लक्ष देवाकडे आणि अर्धं काडेपेटीच्या कारखान्याच्या धुराड्याकडे ठेवून दर्शन घेतलं. मिंगेल आणि तो पोलंडवाला त्याच कारखान्यात होते, हे शकूच्या बोलण्यातून कळलं होतं. मोरिवली गावाच्या कडेनं चालत गेलो. कारखान्याच्या आवारात सावरीचे ओंडके रचून ठेवले होते आणि सगळ्या हवेला ओल्या लाकडाचा आणि गंधकाचा वास.

फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. सुटीचा भोंगा झाला. माणसं बाहेर पडली. त्यांतला एक सडपातळ, केसांना तेल लावलेला माणूस हातात लांबट काळी पेटी घेऊन टपरीवर आला. हाच मिंगेल.

"काय हो, पेटीत काय?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

त्यानं मला काळ्या टोपीपासून वहाणांपर्यंत न्याहाळलं. "तूं कोण? खंयचो?" (कुठला?)

"मी आपला असाच. शिवणयंत्र घ्यायचं आहे. गोव्याला घरी कोण कोण असतं तुमच्या? जाणं-येणं असतं का?"

झालं! त्याचा चेहरा दगडासारखा झाला. चहा अर्धा टाकून तो उठला. पेटी माझ्या नाकाजवळून गेली तेव्हा तिला सुक्या बांगड्यांचा वास आला. चोराच्या मनात चांदणं, मी म्हणालो. सरळ माणूस घरचं सांगायला कशाला घाबरेल?

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय पाव्हणं, कुनीकडं?"

अस्सल कोल्हापुरी बोल! मी आनंदानं वळलो, तर समोर पिवळ्या केसांचा, निळ्या डोळ्यांचा, ग्रीसनं माखलेला गोरा.

"मी... इथंच," मी कसाबसा म्हणालो.

"वाईकडलं दिसताय बोलन्यावरनं," तो हसत म्हणाला आणि मिंगेलच्या मागं गेला.

मी घामाघूम. गोरा माणूस कोल्हापुरी बोलतो, वर माझा गाव ओळखतो! हा हेर नसेल तर माझं नाव बदला. तिथून टांगा केला तो सरळ उल्हासनगरला. वाटेत तीनदा मागं वळून पाहिलं.

उल्हासनगर म्हणजे तेव्हा लष्करानं सोडलेल्या बराकींचं गाव. तीन नंबरच्या कॅम्पात शिरलो तर बराकींच्या भिंती मध्येमध्ये गोणपाटानं आणि पत्र्यानं तोडून एकेका कुटुंबाला दिलेल्या. खाटांवर पापड वाळत घातलेले, दारोदारी शिवणयंत्रांची घरघर, दुकानांच्या पाट्या उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या. एक बाई पकवान (कडक तळलेली पुरी) आणि हरभऱ्याची डाळ विकत होती. वासानं भूक खवळली. पण कोण कुणाची काकी-मावशी असेल, खायला नको.

पहिल्याच दुकानात कापडवाल्याला गाठलं. शिवणयंत्राचं निमित्त काढलं आणि हळूच मुद्द्यावर आलो. "ते परसराम मेकॅनिक. कराचीला त्यांचं घर होतं म्हणतात. खरंच होतं का? केवढं होतं?"

कापडवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या टोपीकडे पाहिलं, काखेतल्या छत्रीकडे पाहिलं आणि एकदम मला बसायला स्टूल दिलं. "साईं, दोन मजली! पक्का!"

पुढं पापडवालीला विचारलं. ती म्हणाली तीन मजली, समोर बाग. न्हाव्याकडे दाढी करता करता विचारलं, तर चार मजली, दारात घोडागाडी. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यानं तर मी काही विचारायच्या आतच काठी आभाळाकडे उंचावली आणि म्हणाला, "पाच! छतावरून समुंदर दिसायचा!"

मी मनात म्हटलं, वा रे वा, गल्लीगणिक घर वाढतंय. थापाड्या! सगळ्या कॅम्पाला यानं थापा मारून ठेवल्यात आणि आमच्या साध्या पोरीलाही गुंडाळलं. निकाल मनात लागला होता. तेवढ्यात तो म्हातारा माझा हात धरून मला सरळ परसोच्या दारातच घेऊन गेला. "अम्मा! साहेब आलेत!"

बाहेरून पाहून परतायचं ठरवलं होतं. पण आता पळता भुई थोडी. आत एक पांढरी ओढणी घेतलेली बाई पोळपाटाशी बसली होती. परसोची आई. "अचो, वेहो," (या, बसा) ती म्हणाली. खोली एवढीशी. भिंतीला एक गिटार टांगलेली. तिनं कांदा घातलेली जाड भाकरी, कोकी म्हणतात तिला, ताटलीत घालून पुढं ठेवली. मी हात लावला नाही.

"कराची में घर कितना बडा था?" मी विचारलं. आता शेवटची थाप ऐकायची म्हणून मी सावरून बसलो.

"दो कमरे," ती म्हणाली. "किराये के. हमारा कुछ नहीं था. पडोसी लोग प्यार से मंजिलें चढाते हैं, साहब. आप वो मत लिखना."

मी गोंधळलो. "लिखना? मी काय लिहिणार?"

उत्तर यायच्या आत दारात तीन माणसं उभी. पुढं मिंगेल, मागं तो गोरा, आणि मध्ये हातात पाना घेतलेला एक शांत डोळ्यांचा तरुण. हा परसो.

"हाच तो सीआयडी!" मिंगेल ओरडला.

"छे छे, क्लेमवाले साहेब आहेत," म्हातारा म्हणाला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाकिस्तानात राहिलेल्या घरादाराची भरपाई सरकार या लोकांना देत होतं आणि कुणाचा दावा खरा ते पाहायला चौकशी अधिकारी यायचे. टोपी, छत्री आणि 'खरंच घर होतं का' असं विचारणारा माणूस दुसरा कोण असणार? परसोचं भलं व्हावं म्हणून शेजाऱ्यांनी मजल्यावर मजले चढवले होते. आणि त्याच्या आईनं तर दावासुद्धा केला नव्हता.

यानेक मात्र पोट धरून हसायला लागला. "आरं, कसला क्लेमवाला! सांगा पाव्हणं, घर किती खणांचं, शेत किती, घरात येडंखुळं कोन हाय का, ह्येच इचारायचं हाय न्हवं? हे सरकार इचारत न्हाई. हे पोरीचा मामा इचारतो!"

परसोच्या हातातला पाना खाली पडला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

अम्मांनी पोळपाट बाजूला सारला. "सरकार समझ के भी मैंने झूठ नहीं बोला," त्या म्हणाल्या. "और आप रिश्ता जोडने आए, झूठ बोल के? मशीन लेने आए? शकू अच्छी है. लेकिन आप के घर की हमी कौन देगा? मैं किस से पूछूँ?"

वाई तिथून कुठल्या कुठं. शकू सोडली तर त्या मुलखात मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. शकूचं लग्न मोडायचं मी मघाशी मनात ठरवलं होतं, आणि ते आता माझ्यामुळेच मोडत होतं. पण आता ते मोडू नये असं मला वाटत होतं, आणि ते बोलायची सोय राहिली नव्हती.

यानेक खाली बसला. मग तो अम्मांशी हिंदीत बोलला ते असं. लढाईत त्याचे आईबाप गेले. लहानपणी तो बर्फाच्या मुलखातून इराणमार्गे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या पोलंडवाल्यांच्या छावणीत आला. तिथं एका म्हाताऱ्यानं त्याला गिटार शिकवली. बाकीचे पुढं निघून गेले, हा फाउंड्रीत कामाला राहिला. "आमच्या छावणीतल्या एका पोरीचं कोल्हापूरच्या मुलाशी लग्न ठरलं. मुलगा चांगला होता. तरी ती रडत होती. का? तर तिच्या बाजूनं चौकशी करायला कुणी गेलंच नव्हतं. मामा नाही, काका नाही. अम्मा, इकडे ज्या पोरीचं कुणी असतं तिच्याचसाठी माणूस असा खोटं बोलत गावोगाव हिंडतो. ह्या माणसाची हमी मी देतो."

मिंगेलनं छातीवर क्रूसाची खूण केली. "सीमा उघडी असती तर माझी आई अर्धा गाव घेऊन आली असती चौकशीला," तो म्हणाला. त्याचे वडील चर्चमध्ये गाणं बसवायचे; तो लहानपणीच सुरांची लिपी वाचायला शिकला. आता आई तिकडे, हा इकडे. त्यानं पेटी उघडली. गिटार, आणि फडक्यात बांधलेले चार सुके बांगडे. बाटली नव्हती.

परसो पहिल्यांदाच बोलला. "मामाजी, तुम्हाला मला काही विचारायचंय?"

वाईपासून जपून आणलेले सगळे प्रश्न मी आठवून पाहिले. एकही विचारण्यासारखा राहिला नव्हता. "गिटार कुणी शिकवली?" मी म्हणालो.

"कराचीत एक गोवेकर बँडमास्तर होते. त्यांच्या बायकोचं शिवणयंत्र मी दुरुस्त करायचो, ते मला शिकवायचे."

मग यानेकनं खाटेखाली ठेवलेली आपली गिटार ओढून काढली आणि तिघं वाजवायला बसले. परसो खालच्या जाड तारांवर चालत राहिला, यानेक ठेका धरून, आणि मिंगेल वर कुठंतरी भटकून आला. मी तरीही संशयानंच ऐकत होतो. हे तिघं आता चुकणार, विस्कटणार. थोड्या वेळानं मिंगेल थांबला आणि यानेक भटकायला निघाला, आणि बाकीचे दोघं तो परत येईपर्यंत घर सांभाळत बसले. आमच्या भजनात आळीपाळीनं गायची बारी लावतात तसंच. परसो स्वतः फारसा कुठं गेलाच नाही. त्याच्या भरवशावर दुसरे जात होते. मी ताटलीतली कोकी मोडली आणि खाल्ली. अम्मांनी ते पाहिलं आणि दुसरी वाढली.

परतीच्या वाटेवर बदलापूरला उतरून शकूला भेटलो. ती काही विचारेना, मी काही सांगेना, निर्णय ताईचा. पण तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा पोरगी तिथंच रडायला लागली. पुढं घाट चढताना गाडीत विचार करत होतो. माणसाची पारख त्याच्या गावात करायची, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिकलो. ज्यांचं गावच मागं राहिलं त्यांची कुठं करायची? ते एकमेकांकडेच विचारत असणार.

घरी पोचलो तेव्हा ताई उंबऱ्यातच उभी होती. "केलीस का नीट चौकशी?"

"केली. घराणं सरळ आहे. सरकारलासुद्धा खोटं सांगत नाहीत."

"घर?"

"भाड्याचं होतं. आता तेही नाही."

ताईनं माझ्या हातातली छत्री घेतली. मग म्हणाली, "आणि त्यांनी आपल्याबद्दल काय विचारलं?"

"विचारलं, की यांची हमी कोण देणार."

"अगंबाई! मग? कुणी दिली?"

"पोलंडच्या एका पोरानं. ना आई, ना बाप. कोल्हापुरी बोलतो."

ताईनं पदरानं डोळे पुसले आणि आत वळली. "मग त्याचा आहेर वेगळा काढायला हवा," ती म्हणाली.