पटलेला चेहरा

वऱ्हाडातल्या कारंज्यात मी दुकानांच्या पाट्या रंगवतो, कापसाच्या गाठींवर नावं घालतो, लग्नघराच्या भिंतीवर हत्ती-मोर काढतो. माणसाचा चेहरा काढत नाही. बायको अधूनमधून विचारते, "तुमाले तं माणसं काढता येत होते म्हनतात. मंग काहून सोडलं?" मी सांगतो, डोळे दुखतात. डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

विशीत मी एका नाटक कंपनीचे पडदे रंगवत हिंडत होतो. मालवणच्या बाजूला एका बंदरात कंपनी मोडली. नट पांगले, मी राहिलो. समुद्र मी तोवर पडद्यावरच रंगवलेला, आणि तोही चुकीचा, हे तिथं गेल्यावर कळलं. मासळीबाजारातल्या बाया चिडवायच्या, "वऱ्हाडकरा, दर्यात पाय तरी बुडवलंस काय रे?" बुडवले नव्हते. भीती वाटायची.

पण पोट भरत होतं. फोटो काढणारा त्या गावात नव्हता, त्यामुळे लोक चित्र काढून घेत. बहुतेक गेलेल्या माणसांची. घरचं कुणी समोर बसून सांगे, नाक आत्याचं, कपाळ माझं, भुवया जुळलेल्या. मी कोळशानं काढी, पुसी, पुन्हा काढी. अखेर घरातली बाई "होय, होच तो" म्हणाली की चेहरा पटला. पटल्यावरच रंग द्यायचा, आणि मगच त्या चित्राला हार चढायचा. ही रीत मीच घातली होती, गावानं ती मानली होती.

एके दिवशी एक म्हातारा तांडेल आला. उभा जन्म गलबत हाकलेला माणूस, आता मोतीबिंदूनं अधू झालेला. त्याचा मुलगा खलाशी. वादळात गलबत फुटलं, फळ्या किनाऱ्याला लागल्या, दोघा खलाशांची प्रेतं लागली. मुलाचं लागलं नाही. भटजींनी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायला सांगितलं होतं. म्हातारा मला म्हणाला, "माझो झील गवताचो नाय. तू तेचा चित्र काढ. तांच म्होरं ठेवन काय तां करतलंव."

घरात म्हातारा आणि सून, दोघंच. सून विशीचीही नसेल. हातात कोपराकडे सरकलेला हिरवा चुडा. चेहरा पटला की क्रिया होणार, आणि क्रिया झाली की तो चुडा फुटणार, हे आम्हां तिघांनाही ठाऊक होतं. पटवायचा होता तिनंच. म्हाताऱ्याला कागदावर काळं-पांढरं याहून काही दिसत नव्हतं.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, नाक रुंद होतं. मी रुंद केलं. पुढच्या खेपेला म्हणाली, "इतक्या रुंद खय होता? बारीक होता." मग कान मोठे, मग कान लहान. हनुवटीला खळी होती, ती आठ दिवसांनी नव्हती. म्हातारा ओट्यावरून ओरडे, "अगो, नवरो तुझो की शेजाऱ्याचो?" ती हसायची. मला उशिरानं उमगलं, की ती त्याला कागदावर उतरूच देत नव्हती.

म्हातारा बंदरावर गेलेला असताना एकदा ती हळूच म्हणाली, "तुमी घाई करू नकात. कोणाकोणाची माणसां अरबांच्या मुलखाक लागतत. दोन दोन पावसाळे जातत, तरी येतत."

मी "बरं" म्हटलं. तेव्हा ते मनापासून होतं.

पण बंदरावर बोलणं सुरू झालं. चहाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "वऱ्हाडकराक चेहरो काय जमणा नाय. तेका हत्तीच काढूक द्या." सगळे हसले, मीही हसलो. खोलीवर आलो आणि हट्टाला पेटलो. तिनं ज्याला घाईघाईनं नाही म्हटलं होतं ते सगळं ठेवलं. जे तिनं चालवून घेतलं होतं ते पुसलं. चेहरा उतरत गेला. एका क्षणी कळलं की हा तोच. मी त्याला कधी पाहिलेला नव्हता, तरी कळलं. पटायची वाटही न पाहता मी तेलरंग द्यायला बसलो. एक भुवई मुद्दाम जरा चुकवली असती तरी पुरलं असतं, चेहरा पटला नसता. तसं मनात आलंही होतं.

चित्र घेऊन गेलो तेव्हा ती पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. मी चित्र तिच्याकडं फिरवलं. ती उठून उभी राहिली. सूप बाजूला सारून तिनं पदर खांद्यावरून पुढं ओढून घेतला. दारात नवरा आला की आमच्याकडच्या बायाही अशाच उठतात.

"पटलो काय गे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "हे ते न्हय."

आवाज रोजचाच होता. म्हाताऱ्यानं मान हलवली, आता तो पुन्हा ओट्यावर जाऊन बसणार होता. मी गप्प राहायचं, एवढंच माझ्याकडं होतं.

मी म्हणालो, "पटला. त्या उठून उभ्या राहिल्या."

म्हातारा चाचपडत पुढं आला. ओल्या रंगाला हात लागेल म्हणून मी त्याचं मनगट धरलं, तर तो तसाच माझ्या हातावर कपाळ टेकून रडायला लागला. ती माझ्याकडं बघत होती. रागानं बघत असती तर बरं झालं असतं.

क्रियेला मी गेलो नाही. बाजारात कळलं, तिनं आरडाओरडा केला नाही, हात आपणहून पुढं केले. मुलगा परत आला नाही, कधीच. गावानं मला नावाजलं, लांबलांबची माणसं चित्रं सांगायला येऊ लागली.

महिन्याभरानं ती विहिरीवर भेटली. मोकळे हात पदरात घेऊन उभी होती.

"तां चित्र पुसूक येता काय हो?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "रंग वाळला आता."

तिनं मान डोलावली, कळशी उचलली आणि गेली. माझ्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला. तेलरंग खरवडता येतो, त्यावर दुसरा हात देता येतो, तसं मी कितीदा केलं होतं. पण इतका जिवंत चेहरा माझ्या हातून आधी कधी उतरला नव्हता. तो मला घालवायचा नव्हता.