कागलात लागलेला शोध

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं स्वतःची शोभा करून घ्यावी तरी किती! घ्या चहा, सांगतो.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. माणसाचा जीनोम, म्हणजे जनुकांची सगळी कुंडली, नुकतीच कॉम्प्युटरवर आलेली आणि मी कोल्हापुरात पीएचडीला. काम काय? पेशीच्या पडद्यात रुतून बसलेली प्रथिनं प्रोग्राम लिहून हुडकायची. प्रथिनाचा पडद्यात बसणारा तुकडा पाण्याला भितो. असा तुकडा दिसला की माझा प्रोग्राम म्हणणार, "सापडलं!" सोपं की!

एक दिवस सापडलं. इवलंसं प्रथिन, टोकाला झकास तुकडा. फायलीत नाव न्हाय, नुसता नंबर. म्हणजे नवीनच! आधीच्या माहितीशी ताडून बघावं? छे! मी थेट कागलला आबांना फोन लावला. आबा म्हणजे माझे वडील.

"जगात कुणालाच ठावं न्हाय?"

"कुणालाच न्हाय, आबा!"

"मग रविवारी सत्कार! तू नुसता येऊन उभा ऱ्हा."

शनिवारी माझ्या पीएचडीच्या गाईड सरांना दाखवलं. त्यांनी मॉनिटरकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे इन्सुलिन आहे."

"पण सर, तो तुकडा..."

"तो गेटपास आहे, गाढवा! तोही पाण्याला भितो. पेशीतून बाहेर पडताना कापून टाकतात. इन्सुलिन पडद्यातच बसून राहिलं, तर रक्तातल्या साखरेकडं कोण बघणार, तुझा प्रोग्राम?"

जिवाचं पाणी पाणी झालं! पीएचडी गेली खड्ड्यात, उद्या तोंड कुठं लपवू? आबांना फोन केला, सत्कार रद्द करा म्हटलं.

"रद्द? मांडव घातलाय! जेवणाला समदं गाव सांगितलंय!"

झालं. फेटा, शाल, नारळ. माईक हातात आला. म्हटलं, खरं सांगून मोकळं व्हावं.

"मंडळी, चूक झाली. मला सापडलं ते इन्सुलिन निघालं."

तेवढ्यात सूत्रसंचालकानं माईक ओढून घेतला.

"ऐकलंसा न्हवं? इन्सुलिन आपल्या कागलच्या पोरानं शोधलं!"

टाळ्या! शिट्ट्या! "अहो, न्हाय, न्हाय!" मी बोंबलतोय, पण ऐकतंय कोण? शेजारच्या बिद्री गावच्या एका आजोबांनी तर हातच धरला. "लई उपकार झालं बघा, पावणं. आता तेवढी सुई नगं, असं कायतरी काढा की."

हसू का रडू, सांगा!

मंगळवारी पेपरात फोटो. विभागाच्या दारातच सर पेपर घेऊन उभे.

"या, या, इन्सुलिनचे जनक!"

तेच नाव पडलं. पार कँटीनपर्यंत सगळे मला 'जनक' म्हणायला लागले.

आणि तेव्हा माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं हो!