टरफलांचं पाणी आणि माझी नीळ

सांगायला लाज वाटते हो, पण पोटात ठेवूनही चैन पडत नाही. तर ऐका माझा शहाणपणा!

कर्वेनगरला आमच्या राहत्या घरातली एक खोली कॉलेजच्या मुलीला भाड्यानं दिली होती. मृणाल तिचं नाव. मला वहिनी म्हणायची. माझ्याकडनं शेंगांची टरफलं न्यायची, दळायची, कॉलेजात अ‍ॅसिडात भिजवून, धुऊन, वाळवून आणायची. कशाला? मी विचारलं नाही. विचारलं आणि कळलं नाही तर?

एका सकाळी तिनं गॅलरीत निळ्याशार पाण्याच्या तीन बाटल्या मांडल्या. प्रत्येकीत तो भुगा.

"वहिनी, उद्या सरांना दाखवायच्यात. ओवीला हात लावू देऊ नका हं!"

ओवी म्हणजे माझी अडीच वर्षांची लेक. दुपारी कपडे धुता धुता डोकावले, तर ओवी बाटल्यांजवळ, आणि पाणी स्वच्छ! निळं नावाला नाही! तशीच धावले.

"ओवे, निळं पाणी प्यायलीस?"

"हो."

"सांडलंस?"

"हो."

"आणि नळाचं भरलंस?"

"हो!"

जीभ बघितली. गुलाबी. देवा, प्यायली तरी नाही! पण उद्या सरांपुढे त्या पोरीचं काय? माझ्या लेकीपायी तिचं नुकसान? नीळ हाताशी होतीच. घातली! उजेडात धरून रंगसुद्धा जुळवला.

संध्याकाळी मृणाल आली आणि बाटल्यांपुढे मटकन बसली.

"जमलं नाही हो, वहिनी."

"का गं? छान निळं आहे की!"

"तेच तर! टरफलांनी रंग शोषून पाणी स्वच्छ व्हायला हवं होतं. रंगाच्या कारखान्यांचं घाण पाणी असं साफ होईल का, ते बघत होते."

"अगं, झालं होतं की स्वच्छ! मीच…"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग निळीच्या बाटलीकडे.

"वहिनी, तुम्ही कारखानाच काढा."

रडली असती तर बरं वाटलं असतं मला. भुगा सगळा संपलेला. सर म्हणाले, पुन्हा करून दाखव. मैत्रिणी दिवाळीला घरी गेल्या आणि ही इथंच टरफलं वाळवत बसली. मी ताट भरून फराळ नेऊन दिला, पण तिच्या आईच्या हातचा थोडाच होता तो?

पुन्हा बाटल्या मांडल्या, तेव्हा वर चिठ्ठी डकवलेली: 'पाण्याचा रंग गेल्यास जाऊ द्यावा. कृपया मदत करू नये.'

मृणालचा मला राग आला नाही. पण अक्षर आमच्या ह्यांचं होतं!